तंजावरचे सरफोजी राजे आणि निदानाचा शोध

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे, पोथ्या आणि मोडी दफ्तरे यांच्याबरोबर काही रुग्णांच्या नोंदीही जतन केलेल्या आहेत. नेत्रविकारांच्या या टिपणांसोबत रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. उपचार करण्यापूर्वी विकार नीट पाहावा व लिहून ठेवावा, हा आग्रह धरणारे राजे होते भोसले कुळातील दुसरे सरफोजी.

सरफोजींचा जन्म 24 सप्टेंबर 1777 रोजी झाला. 1787 मध्ये तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजींचे निधन झाले. गादी अमरसिंहांकडे गेली. बाल सरफोजींचा सांभाळ जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी केला आणि पुढे त्यांचे शिक्षण मद्रासेत झाले. 1798 मध्ये ते सिंहासनावर बसले. पण दुसऱ्याच वर्षीच्या तहाने मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा प्रदेश आणि ठरलेला तनखा. सत्ता गमावलेले अनेक संस्थानिक विलासात रमले. सरफोजींनी मात्र ग्रंथसंग्रह वाढवला, देवनागरी छापखाना काढला आणि वैद्यकाला वाहून घेतले.

त्यांनी चालवलेल्या धन्वंतरी महालात वैद्य, हकीम आणि पाश्चात्त्य पद्धतीचे डॉक्टर एकत्र काम करीत. माणसांप्रमाणे जनावरांसाठीही तेथे औषधे तयार होत. अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यात गुंफून घेण्यात आले. ‘शरभेंद्र वैद्य मुरै’ या नावाने ते ओळखले जातात. शरभेंद्र हे सरफोजींचेच संस्कृत रूप. नेत्रचिकित्सेत त्यांना मॅकबीन नावाच्या इंग्रज डॉक्टरांचे साहाय्य होते आणि राजे स्वतः मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करीत, असे सांगितले जाते.

डोळ्याचा विकार बहुधा दिसतो आणि चित्रकाराला तो रेखाटता येतो. मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेचे तसे नाही. पाय कमरेपासून टाचेपर्यंत ठणकतो, गालावर विजेचा झटका बसावा तशी कळ येते, तळव्यांची रात्रभर आग होते. पण वरून पाहता अंग धडधाकट दिसते. धन्वंतरी महालातील वैद्यांच्या शास्त्रात अशा दुखण्यांना नावे होती. पायात उतरणाऱ्या वेदनेला गृध्रसी म्हणत आणि ती वातव्याधींत मोडे. युरोपातही हा शोध नवाच होता. इटलीच्या कोतुन्यो यांनी 1764 मध्ये सांध्याच्या दुखण्यापासून मज्जातंतूची सायटिका वेगळी केली, तर लंडनच्या फॉदरगिल यांनी 1773 मध्ये चेहऱ्याच्या तीव्र कळांचे वर्णन केले. चेहऱ्यावरील कोणती नस संवेदनेची आणि कोणती हालचालीची, हे चार्ल्स बेल यांच्या प्रयोगांतून उलगडू लागले ते 1821 पासून, म्हणजे सरफोजींच्या अखेरच्या दशकात. दोन्ही परंपरांकडे रुग्णाच्या बोलण्याखेरीज पुरावा नव्हता.

ही अडचण आजही पुरती सरलेली नाही. चेहऱ्याची नस दुखत असताना दात काढले गेल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत वारंवार येतात. एमआरआयमध्ये दिसणारी मणक्यातील गादीची झीज वेदनेचे कारण असेलच असे नाही. अतिसूक्ष्म तंतू बिघडले असतील तर विद्युतप्रवाहाने होणारी नसांची नेहमीची तपासणी निर्दोष येते, कारण ती जाड तंतूंचेच काम मोजते. आणि मग दुखणे मनाचे ठरवले जाते. रुग्णाच्या दृष्टीने हा निवाडा वेदनेइतकाच जाचक असतो. अशा वेळी कळ केव्हा उठते, कोठून कोठे जाते, स्पर्शाने वाढते की चालण्याने, बधिरपणा कोठे आहे, हे विचारून क्रमाने लिहिणे हाच निदानाचा पाया राहतो. सरफोजींच्या दफ्तरात चित्रांइतकेच मोल या लेखनशिस्तीला आहे. एकाच छताखाली निरनिराळ्या पद्धतींचे चिकित्सक बसवण्याची त्यांची कल्पनाही आजच्या वेदना-चिकित्सालयांना अपरिचित वाटू नये.

7 मार्च 1832 रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे 1855 मध्ये निवर्तले आणि पुरुष वारस नसल्याचे कारण देऊन कंपनीने संस्थान खालसा केले. ग्रंथालय मात्र टिकले. नेत्रविकारांच्या त्या नोंदी पुढे आधुनिक नेत्रतज्ज्ञांनी अभ्यासल्या असून मोडीतील पुष्कळ कागद अजून वाचकांची वाट पाहत आहेत.