ॲडिसन, रक्तक्षय आणि उदासी

न्यूकॅसलजवळच्या लाँग बेंटन गावात एका किराणा दुकानदाराच्या घरी वाढलेले थॉमस ॲडिसन १८१५ मध्ये एडिंबरोहून एम.डी. झाले आणि पुढे लंडनच्या गायज हॉस्पिटलचेच होऊन राहिले. पदवी हाती असूनही तिथे ते पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले. (आजच्या किती डॉक्टरांना हे जमेल?) शिकवण्यात त्यांचा हात धरणारा विरळाच. माणूस मात्र तुसडा, गर्विष्ठ वाटायचा. जवळच्यांना ठाऊक होते की तो मुळात बुजरा आहे.

१८४९ मध्ये त्यांनी एका विचित्र रक्तक्षयाचे वर्णन केले. रक्तस्राव नाही, दुसरे काही कारण नाही, तरी रोगी फिका पडत, थकत जातो आणि शेवटी दगावतो. याच शोधात त्यांना मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचा आजार सापडला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १८५५ मध्ये आले आणि त्या आजाराला त्यांचे नाव मिळाले.

ॲडिसन यांना स्वतःला मात्र उदासीचे झटके येत. १८६० मध्ये त्यांनी हॉस्पिटल सोडले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ब्रायटन इथे आयुष्य संपवले. त्यांना तो रक्तक्षय होता असे मानायला आधार नाही.

त्या रक्तक्षयावर १९२६ मध्ये यकृत खाऊ घालण्याचा उपाय सापडला. त्यातले बी-१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे काढले गेले. ते कमी पडले की तांबड्या पेशी संख्येने घटतात, आकाराने फुगतात. नसांचे आवरणही बिघडते. म्हणून मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड, उदासी. कधी तर रक्त बिघडण्याआधीच.

आमच्या सरकारी रुग्णालयात उदास रुग्ण आला की मी सीबीसीत पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, पाहतो. शंभरच्या वर असेल तर बी-१२ तपासायचे, दारूचीही चौकशी करायची. पण हा आकडा फसवतो. आपल्याकडे पुष्कळांना लोहही कमी असते. लोहाअभावी पेशी लहान, बी-१२अभावी मोठ्या, आणि सरासरी अगदी नॉर्मल! आहार शाकाहारी असेल तर मी आकड्यावर विसंबत नाही. मनाच्या आजाराची औषधे यासाठी बंद करायची नसतात. आणि नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्याही घ्यायच्या नाहीत: त्यांनी रक्त सुधारते, नसांची हानी मात्र चालूच राहते.