पंडिता रमाबाई आणि निराश्रितांचे घर

पंडिता रमाबाईंचे नाव आपणा भगिनींपैकी बहुतेकींना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते. संस्कृत जाणणारी विदुषी, विधवांची कैवारी, एवढे लक्षात राहते. मला मात्र त्यांचे चरित्र वाचताना सारखे वाटत आले की, ज्याला कोणी नाही त्याला ठेवून घेणारे घर कसे असावे, याचा विचार आपल्याकडे या बाईंइतका क्वचितच कोणी केला असेल.

त्यांचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. घरी विद्यार्थी व यात्रेकरू यांचा राबता असे. आल्यागेल्याला जेवू घालता घालता कर्ज झाले आणि सर्व कुटुंब तीर्थे करीत, पुराण सांगत हिंडू लागले. म्हातारपणी शास्त्रीबुवांची दृष्टी गेली, म्हणून रमेला आईनेच शिकवले. पुढे दुष्काळ आला. आंधळा, थकलेला पिता १८७४ साली उपासमारीने गेला. पाठोपाठ आईने अंथरूण धरले. तिने भाकरी मागितली, तेव्हा रमा एका घराच्या दारी गेली, पण मागायला शब्दच फुटेना. शेवटी तुकडा मिळाला, पण तो गिळण्याची ताकद आईत उरली नव्हती. ज्यांच्या पंक्तीला शेकडो लोक जेवून गेले, त्या दोघांना म्हातारपणी एक ओसरी मिळाली नाही. बहीणही गेली, १८८० साली भाऊ गेला. लग्न झाले आणि थोड्याच काळात, १८८२ साली, पतीचे छत्रही गेले. पदरी लहानगी मनोरमा.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड, तेथे १८८३ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, नंतर अमेरिका. १८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले व पुढच्या वर्षी पुण्यास आले. धर्माच्या प्रश्नावरून १८९३ साली रानडे, भांडारकर यांसारखी मोठी माणसे सदनापासून दूर झाली. त्या वादात आपल्यातही दोन मते असतील. ती असोत. मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. सरकारने उघडलेली अनाथगृहे व दुष्काळी छावण्या त्यांनी स्वतः आत शिरून पाहिल्या. अन्न मिळत होते, पण झोपण्याची जागा धड नव्हती, घाण होती. आणि ज्यांच्या हाती देखरेख, त्यांच्यापासूनच तरण्या मुलींना भय होते. छप्पर घालून धान्य वाटले म्हणजे आश्रय झाला असे नाही, हे त्यांनी तेथे पाहिले. सुमारे तीनशे मुली व बाया घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेग, म्हणून एवढी माणसे शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगावच्या माळावर झोपड्या उभारल्या. (हे आपल्या नगरजवळचे केडगाव नव्हे, दौंडहून पुण्याच्या वाटेवर लागते ते.)

त्याच १८९७ साली प्लेगच्या इस्पितळात नेलेली त्यांची एक मुलगी परत हाती लागली नाही. रमाबाईंनी मुंबईच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून तेथील बेबंद कारभार उघड केला. बायकांच्या अब्रूचे रक्षण कोण करतो, असा त्यांचा रोख होता. गव्हर्नरसाहेबांनी ते म्हणणे खोडून काढले, तरी प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. सरकारी इस्पितळाला त्या काळी एका विधवा बाईने जाब विचारला! आपण दिवाळीला वृद्धाश्रमात फराळ घेऊन जातो, आजींच्या पाया पडतो, फोटो काढून घेतो. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, रात्री हाकेला कोण ओ देतो, हे आपल्यापैकी कितीजणी विचारतात? २००७ च्या कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम काढण्याची तरतूद आहे. पण आत डोकावून पाहणारे डोळे कायद्याने मिळत नाहीत.

केडगावचे मुक्तिसदन वाढत गेले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार माणसे होती. विहिरी खणल्या, शेती, विणकाम, छापखाना चालू केला. सगळ्यांना एकाच दावणीला बांधले नाही, हे विशेष. मुलींची सोय निराळी, अंधांची निराळी. मनोरमेने अंधांची लिपी शिकून घेतली व तेथील अंध मुलींना वाचायला शिकवले. म्हाताऱ्या व पंगू बायकांसाठी प्रीतिसदन होते. ज्या मुलीच्या आईला शेवटचा घास वेळेवर मिळाला नाही, तिने ते नाव ठेवले.

रमाबाईंना पुढे पुढे ऐकू येईनासे झाले होते. बायबलाचे मराठी भाषांतर करीत त्या तेथेच राहिल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. रक्ताचे कोणी उरले नाही. बहिऱ्या झालेल्या, थकलेल्या रमाबाई त्यानंतर आठ-नऊ महिने जगल्या त्या आपणच बांधलेल्या घरात, आपणच वाढवलेल्या लेकींच्या हातचे खात. ५ एप्रिल १९२२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.