चाळिसाव्या वर्षी विद्यार्थी झालेले तेनसिंग

आमच्या बुलढाण्याला डोंगर आहे, पण बर्फ नाही. अजिंठ्याच्या रांगेवर वसलेले हे गाव थंड हवेचे म्हणून ओळखले जाते. तरी बर्फ पाहायचा तर आम्हांला रसवंतीच्या दुकानातच जावे लागते. असे असूनही गिर्यारोहणाचा प्रशिक्षक होण्याचे वेड माझ्या डोक्यात शिरले. मी राष्ट्रीय छात्र सेनेत होतो. रोज पहाटे पाठीवर वाळूची पिशवी घेऊन राजूर घाट चढत असे. अखेर निवड झाली. बाबांनी सोयाबीनच्या पैशांतून बूट व गरम कपडे घेऊन दिले आणि मलकापूरला येऊन गाडीत बसवून दिले.

हिमालयातील एका संस्थेत २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम मी पुरा केला. प्रमाणपत्र हाती आले, पण त्यावर श्रेणी होती ‘ब’. प्राथमिकमध्ये ‘अ’ श्रेणी नसेल तर प्रगत अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. तेथेही ‘अ’ मिळाल्याशिवाय शिकवण्याच्या पद्धतीचा अभ्यासक्रम करता येत नाही, आणि तो केल्याशिवाय प्रशिक्षक होणे नाही. एका अक्षराने पुढची सारी दारे बंद झाली. कारण मला ठाऊक होते. मी भराभर चढत होतो, आणि माझ्याच दोराला बांधलेला सोबती मागे धापा टाकत होता. त्याच्याकडे मी वळून पाहिले नव्हते. घरी आल्यावर पास झालो एवढेच सांगितले आणि प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिले.

त्याच दिवसांत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तेनसिंग नोर्गे यांच्याविषयीचे एक पुस्तक हाती लागले. एव्हरेस्टवर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या दोघांपैकी एक, एवढीच त्यांची ओळख मला शाळेपासून होती. पुस्तक वाचता वाचता त्यांच्या आयुष्यातील एका वेगळ्याच गोष्टीने माझे लक्ष वेधून घेतले. ती गोष्ट म्हणजे दाखल्यांची.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ सालचा. घरची गरिबी. बालपण याक राखण्यात गेले. शाळेचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नाही. विशीच्या आत घर सोडून हा मुलगा दार्जिलिंगला आला, कारण गोऱ्या साहेबांच्या मोहिमा तेथूनच निघत. १९२८ साली स्थापन झालेल्या हिमालयन क्लबने शेर्पांची नोंदवही ठेवली होती. प्रत्येक शेर्पाजवळ एक लहानशी पुस्तिका असे. मोहीम संपली की साहेब तीत त्याच्या कामाविषयी दोन ओळी लिहून देई. पुढचे काम त्या ओळींवर मिळे. ज्याच्या पोटाचा प्रश्न होता त्याला बहुधा त्या ओळी वाचताही येत नसत! तेनसिंगनाही लिहिता-वाचता येत नव्हते.

१९३३ च्या मोहिमेत तेनसिंगना घेतले गेले नाही. १९३५ साली एरिक शिप्टन यांनी मात्र पूर्वीचा एकही दाखला नसलेल्या या तरुणाला निवडले. तेथून त्यांचे जीवन एव्हरेस्टशी बांधले गेले. १९३८ साली सुमारे २७,००० फुटांपर्यंत ओझे नेल्याबद्दल त्यांना हिमालयन क्लबचे ‘टायगर’ हे पदक मिळाले. पुढे महायुद्धाचा काळ आला. चित्रालमध्ये असताना त्यांची पहिली पत्नी वारली आणि दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले. १९५२ साली स्विस गिर्यारोहक रेमंड लँबर्ट यांच्याबरोबर ते सुमारे २८,००० फुटांवर पोहोचले व तेथून माघारी फिरले. अखेर २९ मे १९५३ रोजी, सातव्या मोहिमेत, एडमंड हिलरी यांच्यासह त्यांनी शिखर गाठले.

यानंतर कोणत्या दाखल्याची गरज उरली होती? पण खरी कसोटी पुढेच होती. भारतीय तरुणांना गिर्यारोहण शिकविण्यासाठी दार्जिलिंगला संस्था काढण्याचे ठरले. पंतप्रधान नेहरू आणि बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधनचंद्र रॉय यांचा त्यात पुढाकार होता. शिक्षक म्हणून तेनसिंग यांची योजना झाली. तेव्हा चाळिशीतला हा जगज्जेता १९५४ साली स्वित्झर्लंडला गेला आणि रोझेनलाउई येथे आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या शाळेत विद्यार्थी होऊन राहिला. ज्या गोष्टी हातापायांना सवयीने येत होत्या, त्या दुसऱ्याला कशा समजावून द्यायच्या हे त्यांना आता शिकायचे होते.

४ नोव्हेंबर १९५४ रोजी हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. मेजर नरेंद्र धर जयाल प्राचार्य झाले, तर तेनसिंग क्षेत्रीय प्रशिक्षणाचे संचालक. १९७६ पर्यंत, म्हणजे तब्बल २२ वर्षे, त्यांनी हे काम केले. शिखरावर ते जेमतेम पंधरा मिनिटे होते. नवशिक्यांना दोर बांधायला शिकविण्यात मात्र त्यांची जवळजवळ दोन तपे गेली. पुस्तक मिटल्यावर या हिशोबाने मी बराच वेळ अस्वस्थ होतो. मला प्रशिक्षकाचा बिल्ला हवा होता. मागे राहिलेल्या सोबत्यासाठी थांबणे नको होते. ती ‘ब’ श्रेणी माझ्या पायांना नव्हे, माझ्या स्वभावाला मिळाली होती.

९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगला तेनसिंग यांचे निधन झाले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते त्या संस्थेच्याच आवारात.

त्या रात्री मी ट्रंक उघडली आणि प्रमाणपत्र बाबांपुढे ठेवून खरे काय ते सांगितले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी कागद कंदिलासारखा उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले की यंदा पावसाने दगा दिल्यावर आपण दुबार पेरणी केलीच ना. बियाण्याला दोष देत बांधावर बसून राहिलो असतो तर घरात काय आले असते?

प्राथमिक अभ्यासक्रमासाठी मी पुन्हा अर्ज भरला आहे. राजूर घाट रोज चढतोच आहे, पण आता एकटा नाही. छात्र सेनेतली पहिल्या वर्षाची चार मुले बरोबर असतात. त्यांतला एक फार हळू चालतो. सर्वांत मागे, त्याच्याबरोबर, मी असतो.

— बी. ए. अंतिम वर्ष