गटाराचा वास मारणारं औषध जखमेवर लावलं आणि कापायचे पाय वाचले

१२ ऑगस्ट १८६५. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जेम्स ग्रीनलीस नावाच्या ११ वर्षांच्या पोराच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. हाड मोडलं आणि वरची कातडीही फाटली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, प्लास्टर घालायचं. पण तेव्हा सगळा खेळ त्या फाटलेल्या कातडीवर होता. कातडी शाबूत असेल तर माणूस बहुतेक वाचायचा. फाटली की जखम सडायची, ताप चढायचा आणि डॉक्टर पाय कापायला घ्यायचे. बऱ्याचदा पाय कापूनही माणूस जायचाच.

जेम्सला ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत आणलं. तिथे सर्जन होते जोसेफ लिस्टर, वय ३८.

आता हे हॉस्पिटल कसं होतं ते बघा. देणग्यांवर चालणारं, गरिबांसाठीचं. ग्लासगो कारखान्यांचं शहर, त्यामुळे अपघात रोजचेच. लिस्टर यांच्या वॉर्डच्या बाहेर काही फुटांवर, मातीच्या थोड्याच खाली, १८४९ च्या कॉलऱ्यात मेलेल्यांच्या शवपेट्या पुरलेल्या होत्या. शेजारी चर्चची दफनभूमी. जखमा सडतात त्या खराब हवेमुळे, असं तेव्हा मानलं जायचं, आणि इथली हवा तर कुणालाही पटेल अशीच होती.

सर्जन मात्र रक्ताने कडक झालेला कोट घालून ऑपरेशन करायचे. जितका कोट मळका तितका डॉक्टर अनुभवी! १८४६ पासून भूल देता यायला लागली, ऑपरेशनं वाढली, पण नंतरचे मृत्यू काही थांबेनात.

क्लोरोफॉर्मची भूल वापरात आणणारे जेम्स सिम्प्सन यांचं म्हणणं होतं की मोठी हॉस्पिटलंच नकोत. पाडून पुन्हा उभारता येतील अशा छोट्या झोपड्या बांधा. ऐकायला ठीक आहे, पण देणगीवर चालणारं हॉस्पिटल दर थोड्या वर्षांनी नवीन इमारत कुठून आणणार?

लिस्टर यांचं डोकं वेगळ्या दिशेने चालत होतं. त्यांचा जन्म १८२७ चा, इंग्लंडमधला. वडील दारूचे व्यापारी, पण मायक्रोस्कोपच्या भिंगांमध्ये त्यांनी केलेली सुधारणा आजही नावाजली जाते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बघायची सवय घरातूनच लागलेली. १८५६ मध्ये अ‍ॅग्नेस साइमशी लग्न झालं. ती एका मोठ्या सर्जनची मुलगी. पुढे आयुष्यभर प्रयोगांच्या नोंदी तिने लिहून घेतल्या. तिचं नाव फारसं कुठे येत नाही, म्हणून इथे सांगितलं.

१८६५ मध्ये केमिस्ट्रीचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टरना फ्रान्सच्या लुई पाश्चरचं काम वाचायला सांगितलं. पदार्थ कुजतात ते हवेमुळे नाही, हवेतून येणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. ते मारायला उष्णता चालते. पण पेशंटला उकळणार कसं? मग रसायन शोधणं आलं.

कार्लाईल गावात सांडपाण्याचा वास मारायला कार्बोलिक अ‍ॅसिड टाकायचे, हे लिस्टर यांच्या वाचनात आलं होतं. कोळशाच्या डांबरातून निघणारी स्वस्त गोष्ट. जुन्या लाल लाइफबॉयचा वास आठवतोय? तोच.

मार्चमध्ये केलेला पहिला प्रयोग फसला होता. जेम्सच्या वेळी जखमेवर कार्बोलिकमध्ये भिजवलेलं कापड ठेवून पट्टी बांधली आणि चार दिवस हातच लावला नाही. उघडली तेव्हा ना सडका वास, ना पू. अ‍ॅसिडने कातडी थोडी भाजली होती, तेवढंच. सहा आठवड्यांत हाड जुळलं. पोरगं दोन पायांवर घरी गेलं.

(दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्टला, व्हिएन्नात सेमेलवाईस वारले. बाळंतिणी वाचवायच्या तर डॉक्टरांनी हात धुवा, असं १८ वर्षं सांगून थकलेला हा माणूस वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून गेला. लिस्टरना तेव्हा त्यांची माहितीही नव्हती.)

१८६७ मध्ये लिस्टर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असल्या ११ केसेस छापल्या. ९ जण पूर्ण बरे, एकाचा पाय कापावा लागला, एक गेला. साहित्य बघाल तर हसू येईल. खिडकीची काच बसवायला लांबी लावतात ना, खडूची पूड आणि जवसाचं तेल? त्यातच कार्बोलिक मिसळायचं. वरून झाकायला चहाच्या खोक्यात असतो तसला पातळ पत्रा. त्याच वर्षी त्यांनी सख्ख्या बहिणीच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन घरातल्या जेवणाच्या टेबलावर केलं. जखम सडली नाही. ती आणखी तीन वर्षं जगली.

आणि इमारत? तीच, त्याच शवपेट्यांशेजारी. १८६४ आणि १८६६ मध्ये हातपाय कापलेल्या ३५ पेशंटपैकी १६ दगावले होते. पुढच्या तीन वर्षांत ४० पैकी ६. १८७० मध्ये लिस्टर यांनी हे आकडे शवपेट्यांच्या वर्णनासकट छापले, तेव्हा हॉस्पिटलचे व्यवस्थापक भयंकर चिडले. देणगीदार काय म्हणतील! तोवर लिस्टर एडिनबरोला गेलेले होते.

विरोधही भरपूर झाला. सिम्प्सन म्हणाले, कार्बोलिक फ्रान्समध्ये आधीच वापरलंय. बरेच सर्जन पट्टी लावायचे, पण मळकी हत्यारं तशीच, आणि मग पद्धतीला नावं ठेवायचे. लिस्टरही चुकले. हवेतले जंतू मारायला त्यांनी कार्बोलिकचा फवारा आणला. ऑपरेशनभर तो चालायचा, सगळ्यांचे हात आणि घसे त्याने हैराण. १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काखेतलं गळू कापतानाही तो चालू होता. पण खरा धोका हवेपेक्षा हात आणि हत्यारांचा आहे हे हळूहळू कळलं, आणि १८९० मध्ये त्यांनी स्वतः जाहीरपणे फवारा चूक होती हे मान्य केलं. एवढं नाव झाल्यावर असं बोलणारे किती सापडतात?

पुढे जर्मन सर्जन वाफेने आणि उकळून हत्यारं निर्जंतुक करू लागले. ते आणखी स्वस्त. चूल आणि पाणी एवढंच लागतं.

अ‍ॅग्नेस १८९३ मध्ये इटलीत अचानक गेली. त्यानंतर लिस्टर यांचं संशोधन जवळपास थांबलंच. १० फेब्रुवारी १९१२ ला ते गेले. प्रार्थना लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत झाली, पण पुरलं ते हॅम्पस्टेडच्या साध्या दफनभूमीत, अ‍ॅग्नेसच्या शेजारी.