बीथोवन यांच्या घरातला मार



लुडविग व्हान बीथोवन यांचे संगीत साऱ्या जगाला ठाऊक आहे. आज त्यांच्या घराविषयी थोडेसे.

जर्मनीतील बॉन शहरात १७ डिसेंबर १७७० रोजी लुडविगचा बाप्तिस्मा झाला. वडील योहान दरबारी गायक होते. पुढे ते दारूच्या आहारी गेले. मुलाच्या गुणांवर पैसा मिळावा म्हणून ते त्याला फार कठोरपणे शिकवत, मारझोडही करत. बाकावर उभे राहून रडत रडत वाजवणारे हे पोर शेजाऱ्यांच्या कायमचे लक्षात राहिले. १७७८ साली कोलोन येथे त्याचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा सात वर्षांच्या मुलाचे वय वडिलांनी सहा सांगितले.

१७८७ साली आई क्षयाने वारली. दोन वर्षांनी, अवघ्या १८ व्या वर्षी, लुडविगने दरबारात अर्ज केला आणि वडिलांचा अर्धा पगार घरखर्चासाठी स्वतःकडे मागून घेतला. दोन धाकट्या भावांचा तोच बाप झाला. बॉनमधल्या ब्रॉयनिंग कुटुंबातील विधवा मातेने मात्र त्याला लेकरासारखी माया दिली.

बीथोवन यांनी लग्न केले नाही. १८१५ साली भाऊ कास्पर वारला. त्याच्या नऊ वर्षांच्या कार्लचा ताबा मिळवण्यासाठी त्यांनी भावजयीशी १८२० पर्यंत कोर्टकज्जे केले आणि ते जिंकले. पुतण्यावर त्यांचा जीव होता. पण त्या प्रेमाला संशय आणि सक्तीची जोड होती. १८२६ साली, १९ वर्षांच्या कार्लने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. तो वाचला.

२४ मार्च १८२७ रोजी बीथोवन यांनी अंतिम संस्कार स्वीकारले, २६ मार्चला देह ठेवला. सारी मालमत्ता कार्लच्या नावे होती. पुढे कार्लने आपल्या मुलाचे नाव लुडविग ठेवले.

बालपणीचा मार हे पुढच्या वागण्याचे एक कारण असू शकते, पण ती नियती नव्हे. मार खाल्लेला मुलगा मोठेपणी हात उगारेलच असे नाही. कधी तो माया करतो, पण विश्वास टाकायला शिकलेला नसतो. ते शिकवायला ब्रॉयनिंग यांच्यासारखे एखादे घर लागते.

बाबांनो, रागाच्या भरात हात उचलण्यापूर्वी क्षणभर थांबा. आणि शेजारच्या घरातून रोज लेकराचे रडणे ऐकू येत असेल, तर ते नुसते लक्षात ठेवू नका. त्या घराचे दार ठोठवा, नाहीतर १०९८ या क्रमांकावर फोन करा.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू