दादोबा पांडुरंग तर्खडकर

गावच्या शाळेत मूल नाम, सर्वनाम, क्रियापद असे घोकू लागते, तेव्हा आपली बोली नियमांत बसविण्यास कोणी श्रम केले, याचे स्मरण आपणांस क्वचितच होते. त्या श्रमकर्त्यांत दादोबा पांडुरंग यांचे स्थान अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. मराठीस व्याकरण कशाला हवे, असे पुष्कळ विद्वान समजत, त्या काळी म्हणजे १८३६ साली अवघ्या २२ वर्षांच्या दादोबांनी मराठीचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले. इंग्रजी व्याकरणाची मांडणी व संस्कृत व्याकरणाच्या संज्ञा यांचा त्यांनी मेळ घातला. पहिल्या यशावर ते संतुष्ट राहिले नाहीत. १८५० व १८५७ साली त्यांनी ग्रंथ सुधारून वाढविला, आणि १८८१ साली, वृद्धापकाळी, त्यास पूरणिका जोडली. मध्यंतरी १८६५ साली मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी टीका लिहिली व तीस आपल्या मातापितरांच्या नावांवरून यशोदा पांडुरंगी असे नाव दिले.

ते सुरतेस शाळाखात्यात होते, तेव्हा १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आदी मित्रांसह त्यांनी मानवधर्म सभा काढली. पुढे १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा उभी राहिली, तिचे ते प्रमुख मार्गदर्शक होते. देव एक व मनुष्यजात एक, हे तिचे मत होते. नव्या सभासदास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. परंतु हे सर्व बंद दाराआड चाले, कारण बहिष्काराचे भय मोठे होते. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, आणि सभा मोडली.

ज्यांनी जातीबाहेर पडण्याचे दुःख सोसले आहे, त्यांनी या भित्रेपणास हसू नये. घरदार, विहीर, सोयरीक एका दिवसात तुटणे म्हणजे काय, हे आपण जाणतो. तथापि झाकून ठेवलेले सत्य फार काळ टिकत नाही, हेही आपण येथे शिकतो. दादोबांचे बंधू आत्माराम यांनी १८६७ साली इतरांसह प्रार्थना समाज स्थापिला, तो उघडपणे, आणि तो टिकला.

दादोबांनी बाप्तिस्मा घेतला नाही. मात्र धर्माचा शोध अखेरपर्यंत सोडला नाही. १८८२ साली ते निवर्तले. त्यांची सभा लयास गेली. पण जे कार्य त्यांनी उघड्यावर, सर्वांच्या टीकेस सामोरे जाऊन केले, त्याचे फळ आपली मुले आजही पाटीवर गिरवीत आहेत.