इरावतीबाई आणि रक्तातील नाती

त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानाने जात, आडनाव आणि मूळ गाव सांगितले की वंशावळीची नेमकी वही बाहेर निघते. सोयरिकीच्या ज्या बंदिस्त वर्तुळावर या वह्यांची रचना उभी आहे, त्याचा जीवशास्त्रीय अर्थ शोधण्यात डॉ. इरावती कर्वे यांनी आयुष्य वेचले. मराठी वाचक त्यांना 'युगान्त'मुळे ओळखतो. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे.

ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे 1905 साली त्यांचा जन्म झाला, आणि तेथील नदीचे नाव त्यांना मिळाले. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत, वास्तव्य रँग्लर परांजपे यांच्या घरी. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केल्यावर महर्षी कर्वे यांच्या या स्नुषा 1928 साली बर्लिनला गेल्या. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझी वंशशास्त्राचे आधारस्तंभ ठरलेले. युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा अधिक विषम असते व ते त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे चिन्ह होय, अशी गुरूंची धारणा. शिष्येने कवट्या मोजल्या आणि कवटीच्या विषमतेचा वंशाशी संबंध नाही असा निष्कर्ष प्रबंधात मांडला. परक्या देशात, परीक्षक समोर असताना हे लिहावयास धैर्य लागते.

1939 पासून डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. आज डोकी व नाके मोजण्याची ती पद्धत कालबाह्य वाटते आणि ती तशी आहेही. मोजमापांवर त्यांनी वाजवीपेक्षा अधिक भिस्त ठेवली, असे आमचे मत आहे. पण हाती आलेला सिद्धांत मोलाचा होता. थोरचाके व लहानचाके कुंभार धंद्याने एक, पण त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. तेव्हा एका जातीच्या पोटजाती झाल्या असे नसून, निरनिराळे गट एका नावाखाली आले, असे त्या म्हणत. 1968 साली मल्होत्रा यांच्यासह त्यांनी समान दर्जाच्या आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली, तीतही हीच दिशा दिसली. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्या निवर्तल्या.

त्यांच्या हयातीतच, 1958 साली, फ्रान्समध्ये झाँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरील ओळखचिन्हांचा शोध लावला होता. 1980 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एचएलए नावाची ही जनुके रोगजंतूंचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून शरीराच्या संरक्षकांना दाखवितात. प्रत्येक रूप वेगळे तुकडे पकडते; म्हणून समाजात रूपे जितकी अधिक, तितकी एकाच साथीने सर्वांचा नाश होण्याची शक्यता कमी. या जनुकांची हजारो रूपे आज नोंदली गेली आहेत, आणि एकाच गटात पिढ्यान्‌पिढ्या विवाह होत राहिले की त्यांतील काही रूपे त्या गटात दाटतात, काही विरळ होतात.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. 1983 साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशातील पहिले अस्थिमज्जारोपण झाले. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलासाठी दाता हवा, तर सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. तेथे निराशा झाली तर परक्यांच्या नोंदवहीत शोध. आणि जुळणारा माणूस मिळण्याचा संभव स्वतःच्याच गटात अधिक. ज्यांचे गट लहान किंवा ज्यांची नोंदच झालेली नाही, त्या आपल्या सुरगाणा, पेठ भागातील आदिवासींचे काय?

जातीच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा यात शोधणाऱ्यांनी बर्लिनचा तो प्रबंध आठवावा. माणसामाणसांतील जनुकीय फरकांचा फार मोठा भाग प्रत्येक गटाच्या आतच असतो, हे 1972 साली लेवॉन्टिन यांनी दाखविले. वर्तुळे मात्र खरी आहेत: 2017 सालच्या एका मोठ्या अभ्यासात भारतीय उपखंडातील अनेक गटांत मूठभर पूर्वजांची छाप फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक आढळली. त्र्यंबकच्या वह्यांत याची जनुके नाहीत. दात्यांच्या नोंदवहीत ती येण्यासाठी गालाच्या आतील एक पुसणी पुरते.